अकराव्या उदाहरणातल्या मुली

अप्पा जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि बटणं पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. एका रिंगेत चोवीस, दुसरीत एकोणीस. बेरीज त्रेचाळीस. आणि कागदावर तर स्वच्छ लिहिलं होतं की वाचनालयाचे सभासद चाळीस.

"तीन माणसं जास्त आली कुठून?" त्यांनी मला विचारलं, जणू मीच ती मागच्या दारानं आत घेतली होती.

आई शिवणयंत्रावर बसली होती. ती मान वर न करता म्हणाली की बटणं तिची आहेत, मोजून दिली आहेत, आणि मोजूनच परत घेणार आहे.

रविवारची दुपार होती. मी तेरा वर्षांची होते, आणि माझ्या वयाच्या मुली रविवारी दुपारी जे काही करत असतील ते सोडून मी अप्पांच्या समोर बसून मूळ प्रत वाचत होते. अप्पा छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापण्याआधी कच्चा कागद येतो, त्याला प्रूफ म्हणतात. ते वाचून चुका काढायच्या हे त्यांचं काम. खरं तर या कामाला दोन माणसं लागतात. एकानं लेखकाचं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची. छापखान्यात दुसरं माणूस नव्हतं, म्हणून घाईचं काम घरी यायचं आणि दुसरं माणूस मी व्हायचे. नुसते शब्द वाचून भागत नसे. स्वल्पविराम आला की "स्वल्पविराम" म्हणायचं, वाक्य संपलं की "टिंब". मी टिंबं खायची, म्हणून अप्पा मला टिंबी म्हणत. घरात सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की आई रागावली की म्हणायची, "ऊठ, स्वल्पविराम, भांडी घास, टिंब."

अप्पा सातवी शिकलेले होते. पण त्यांचा एक हट्ट होता. जे वाचायचं ते कळलं पाहिजे. शेतीच्या पुस्तकाची प्रुफं आली तेव्हा त्यांनी गॅलरीत चार कुंड्या आणून कलमं करून पाहिली होती. शिवणकामाच्या पुस्तकाच्या वेळी आईचं डोकं खाल्लं होतं. आणि आता गणित आलं होतं, तेही नवं, संचांचं. वरच्या वर्गासाठी पुढल्या वर्षी लागायचं होतं. एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं. पानोपानी दोन-दोन वर्तुळं, एकमेकांत घुसलेली, आणि भोवती चौकोन. ती वर्तुळं छापायचे ठोकळे बनवताना कंपोझिंगवाल्यांनी प्राध्यापकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, असं अप्पा सांगत.

तर अप्पांनी ठरवलं, प्रत्येक उदाहरण सोडवून बघायचं. आकडेमोड त्यांना यायची, पण ही वर्तुळं काही केल्या डोक्यात शिरेनात. शेवटी त्यांनी आईच्या भरतकामाच्या दोन लाकडी रिंगा घेतल्या, एकीवर दुसरी अर्धवट चढवली, खाली वर्तमानपत्राचं पान चौकोन म्हणून पसरलं आणि बटणांचा डबा उपडा केला. एक बटण म्हणजे एक माणूस.

त्या तीन जास्तीच्या माणसांचा शोध अर्धा तास चालला. चोवीस सभासद कादंबऱ्या नेतात, एकोणीस प्रवासवर्णनं नेतात, आठ जण दोन्ही नेतात. मीच शेवटी म्हणाले की अप्पा, ते आठ जण तुम्ही दोनदा मोजलेत. एकदा इकडे, एकदा तिकडे. अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी सगळी बटणं बाहेर काढली. आधी आठ घेतली आणि दोन्ही रिंगांच्या मधल्या भागात ठेवली. डावीकडे आणखी सोळा. उजवीकडे आणखी अकरा. आणि उरलेली पाच वर्तमानपत्रावर, रिंगांच्या बाहेर. हे बिचारे काहीच वाचत नाहीत, नुसती वर्गणी भरतात. चाळीस. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

"म्हणजे दोन्हीकडची मंडळी आधी बसवायची," अप्पा म्हणाले. "मग बाकीची. अगं, सोपं आहे हे."

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. चाळिशी ओलांडलेला माणूस, गुडघ्यावर बटणांचे वळ उठलेले, आणि असा खूश की कुणी गाव इनाम दिला असावा. मी पुढे तेहेतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. हुशार पोरं पाहिली, फार हुशार पाहिली. पण कळल्याचा एवढा आनंद झालेला विद्यार्थी मला भेटला नाही. माझी पोरं सूत्र मागायची. बाई, सूत्र सांगा, घालतो आकडे. मला त्या सूत्राचा राग आहे, आणि तो का आहे तेच सांगतेय.

पुढल्या रविवारी आम्ही अकराव्या उदाहरणाशी आलो. मी वाचलं: एका वसतिगृहात पन्नास मुली आहेत टिंब. त्यांपैकी तीस मुली गायन शिकतात स्वल्पविराम, बारा मुली चित्रकला शिकतात आणि पंधरा मुली दोन्ही शिकतात टिंब. तर दोहोंपैकी काहीही न शिकणाऱ्या मुली किती प्रश्नचिन्ह.

अप्पांचा हात आता बसला होता. पंधरा बटणं मध्ये. तीस पुरी करायला डावीकडे आणखी पंधरा. मग ते उजव्या रिंगेकडे वळले आणि त्यांचा हात वरच राहिला. चित्रकलेच्या रिंगेत बारा मुली हव्यात. मधल्या भागात तर आधीच पंधरा बसल्या होत्या.

त्यांनी दोनदा मोजलं. मला पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं, टिंबांसकट.

आईनं यंत्र थांबवलं. "अहो, चित्रकलेला मुलीच बारा, तर त्यातल्या पंधरा जणी गाण्याला कुठून जातील? तीन अजून जन्माला यायच्यात का?"

मी मात्र तोपर्यंत त्या धड्यातलं सूत्र पाठ केलं होतं. तीस अधिक बारा, वजा पंधरा, सत्तावीस. पन्नासातून सत्तावीस गेले, तेवीस. मागच्या पानावर उत्तर पाहिलं तर तेवीसच. मी विजयानं सांगितलं की उदाहरण बरोबर आहे, उत्तर जुळतंय.

अप्पा म्हणाले, "उत्तर बरोबर आणि मुली खोट्या, असं कसं चालेल?"

छापखान्याचा नियम असा की लेखकाच्या मजकुराला मुद्रितशोधकानं हात लावायचा नाही. शंका असेल तर समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि लेखकाकडे पाठवायचं. अप्पांनी प्रश्नचिन्ह केलं. आठवड्यानं कागद परत आला. प्रश्नचिन्हाशेजारी प्राध्यापकांच्या अक्षरात लिहिलं होतं, "मूळ प्रतीप्रमाणे." ती ओळ चढावर चालल्यासारखी वर वर जाऊन समासाबाहेर पडली होती. मोठी माणसं, घाईत असतील, असं अप्पा म्हणाले. दुसऱ्या प्रुफावर त्यांनी पुन्हा प्रश्नचिन्ह केलं आणि या वेळी बारीक अक्षरात कारणही लिहिलं. पुन्हा तेच आलं, मूळ प्रतीप्रमाणे. मग अप्पा मालकांकडे गेले. मालकांनी दोन्ही प्रुफं पाहिली, हसले आणि म्हणाले की ते प्राध्यापक आहेत, तुम्ही सातवी आहात, उगाच कशाला. पुस्तक छापून झालं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. अप्पांना छापखान्यात सगळे गाळणी म्हणत. कारण त्यांच्या हातून गेलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र लागलं नव्हतं. शुद्धिपत्र म्हणजे चुकांची चिठ्ठी, पुस्तक छापल्यावर आत चिकटवतात ती. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. अप्पांना बढती मिळाली नव्हती, कुणी सत्कार केला नव्हता, पुस्तकांवर त्यांचं नाव कधीच नसे. पण नवा माणूस कामावर आला की मालक त्याला अप्पांच्या टेबलाशी आणून सांगायचे, हे बघ, एकोणीस वर्षं, एकही चिठ्ठी नाही. त्या दिवशी अप्पा घरी जरा ताठ चालत यायचे. आई ओळखायची. "आला वाटतं कुणी नवा," म्हणायची.

शाळा सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी एका शिक्षकाचं प्रकाशकांना पत्र आलं. त्यांच्या वर्गातल्या ज्या मुलांनी सूत्र वापरलं त्यांचं अकरावं उदाहरण झटक्यात सुटलं, आणि ज्यांनी चित्र काढलं ती सगळी अडकून बसली. प्रकाशकांनी प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, माझ्याकडून असं होणं शक्य नाही, छपाईत झालं असेल. प्रकाशकांनी मालकांना विचारलं. मालकांना सगळं आठवत होतं. त्यांनी अप्पांना बोलावून सांगितलं की तुमची दोन्ही प्रुफं कपाटात आहेत, ती घेऊन तुम्हीच प्राध्यापकांच्या घरी जा, नम्रपणे दाखवा, म्हणजे ते स्वतःच प्रकाशकांना कळवतील. छापखान्याचं नावही राहील आणि तुमचंही.

रविवारी अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला. प्रुफांची गुंडाळी पिशवीत घेतली. मी मागे लागले म्हणून मलाही नेलं. खरं सांगते, मला त्या प्राध्यापकांचं पडलेलं तोंड बघायचं होतं.

दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. खोली नीटनेटकी, भिंतभर पुस्तकं. प्राध्यापक खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. आम्ही आत गेलो तसे ते आमच्याकडे वळले, पण पुरते नाही. आमच्या जरा बाजूला, जिथं कुणीच उभं नव्हतं तिकडे बघून त्यांनी बसा म्हटलं. मला वाटलं, गर्विष्ठ आहेत. आवाज मात्र फार गोड होता. बरोबर कोण आहे विचारलं. मुलगी, आणि तिला यंदा हेच पुस्तक आहे, असं अप्पांनी सांगितल्यावर तर त्यांचा चेहरा खुललाच.

"संच कळले का गं?"

मी हो म्हटलं.

"नुसतं हो नको. ये, तुला ते अकरावं उदाहरणच दाखवतो. बिचाऱ्या पोरांना त्यानं फार छळलंय."

पत्नीनं पुढे होऊन टेबलावर कागद ठेवला आणि पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एक झक्क वर्तुळ काढलं. एका दमात, कंपासनं काढावं तसं. हा गायनाचा संच, म्हणाले. मग हात थोडा सरकवून दुसरं काढलं. हा चित्रकलेचा.

दुसरं वर्तुळ पहिल्यापासून चार बोटं लांब पडलं होतं. दोघांच्या मध्ये कोरा कागद होता.

"आणि हा जो मधला भाग," ते त्या कोऱ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "दोघांत आलेला, त्याच्यापासून सुरुवात करायची. इथं पंधरा." आणि त्यांनी तिथं पंधरा लिहिलं. त्यातला पाच पडला तो दुसऱ्या वर्तुळाच्या रेषेवरच. मग त्यांनी आमच्याकडे, म्हणजे आमच्या जरा बाजूला, पाहिलं. "दिसतंय ना?"

मी तोंड उघडलं. सर, वर्तुळं एकमेकांना लागलीच नाहीत, एवढंच मला म्हणायचं होतं. अप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इतका घट्ट की मी गप्प बसले.

"दिसतंय सर," अप्पा म्हणाले. "अगदी स्वच्छ."

दाराशी उभी असलेली त्यांची पत्नी अप्पांकडे बघत होती. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

प्राध्यापकांनी विचारलं की प्रेसमधून काही दाखवायला आणलंय असं निरोपात होतं, ते काय. पिशवी अप्पांच्या मांडीवर होती. त्यांनी तिचे बंद मुठीत धरले आणि म्हणाले, दाखवायला काही नाही, शुद्धिपत्रात आकडा काय द्यायचा तेवढं विचारायला आलो होतो. प्राध्यापक म्हणाले, बारा नव्हे, बावीस. आणि मनातल्या मनात हिशेब करून पुढे म्हणाले, उत्तर तेवीस नाही येणार मग, तेरा येईल. बुद्धी कशी लखलखीत होती. मी तेव्हा मनात म्हटलं आणि आजही म्हणते, छपाईची चूक असती तर बाराच चुकला असता, मागचं उत्तर त्याच्यामागोमाग कशाला बदललं असतं? चूक त्यांच्या डोक्यात झाली होती. सूत्रात आकडे घातले, उत्तर आलं, पुढे गेले. एक चित्र काढून पाहिलं असतं तर त्यांना क्षणात कळलं असतं. पण चित्र काढून पाहणं हेच त्यांच्या हातून गेलं होतं.

पायऱ्यांपर्यंत त्यांची पत्नी आमच्याबरोबर आली. हलक्या आवाजात म्हणाली, "तुमच्या लक्षात आलं."

अप्पांनी मान हलवली.

ती म्हणाली की प्रुफं तीच वाचून दाखवते. अप्पांची शंकाही तिनं वाचून दाखवली होती. पण तिला गणितातलं ओ की ठो कळत नाही, आणि ते म्हणाले, उत्तर जुळतंय ना, मग झालं. प्रश्नचिन्ह कुठं आहे तिथं ती त्यांचं बोट नेऊन ठेवायची आणि ते लिहायचे. कॉलेजात सगळं तोंडपाठ शिकवतात, फळ्यावर एक विद्यार्थी लिहितो, त्यांना दिसत नाही याचा अजून कुणाला संशय नाही.

"एक वर्ष राहिलंय निवृत्तीला," ती म्हणाली. "तेवढं एक वर्ष निघू द्या."

अप्पा म्हणाले, "वहिनी, तुम्ही आत जा. ते एकटे आहेत."

रस्त्याला लागल्यावर मी अप्पांना बोल बोल बोलले. तुम्ही दाखवलं का नाही, तुमची काय चूक, तुम्ही दोनदा लिहिलं होतं, आता सगळे तुम्हाला नावं ठेवतील. वडिलांशी कुणी बोलत नाही तशी बोलले. अप्पा चालत राहिले. वळणावर थांबून त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माझ्या नावावर एक चिठ्ठी लागेल, टिंबी. त्यांचं सगळंच जाईल."

मग म्हणाले की हे बाहेर कुठं बोलायचं नाही. आईला ते स्वतः सांगतील. मी फुरंगटून हो म्हटलं. आईला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत." आणि लगेच पदर डोळ्यांना लावला, म्हणजे तिलाही ते बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात काय झालं ते मला खूप पुढे मालकांच्याच तोंडून कळलं. अप्पांनी त्यांना सांगितलं की प्रुफं सापडत नाहीत, चूक त्यांच्याच नजरेतून सुटली असणार. मालकांनी ती प्रुफं स्वतः पाहिलेली होती. ते म्हणाले, एकोणीस वर्षं झाली, नीट विचार करा. अप्पा म्हणाले, केलाय. शुद्धिपत्रात मुद्रणदोष असं लिहा.

त्या शुद्धिपत्राचंही प्रूफ निघालं, आणि ते वाचायचं काम अप्पांचंच. चार ओळींची चिठ्ठी. ते काम ऑफिसात दोन मिनिटांत झालं असतं, पण अप्पा ते घरी घेऊन आले. नेहमीसारखे समोर बसले. मी वाचायला लागले. प्रकरण चार स्वल्पविराम उदाहरण अकरा यामध्ये मुद्रणदोषामुळे, आणि मी थांबले.

"पुढे," अप्पा म्हणाले.

मी पुढे वाचलं. "बारा" ऐवजी "बावीस" व उत्तरात "तेवीस" ऐवजी "तेरा" असे वाचावे टिंब. झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत टिंब. अप्पांनी ते माझ्याकडून चारदा वाचून घेतलं. मग रिंगा आणि बटणं मागितली. मधे पंधरा, डावीकडे पंधरा, उजवीकडे सात, बाहेर तेरा. पन्नास मुली बरोबर बसल्या. तेव्हा कुठं त्यांनी खाली सही केली, छापण्यास हरकत नाही.

छापखान्यात थट्टा झालीच. गाळणीला भोक पडलं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते चारआठ दिवस चाललं. त्यानंतर नवा माणूस आला तर मालक त्याला अप्पांच्या टेबलाशी आणेनासे झाले. त्याला नुसते पुढे घेऊन जायचे. अप्पांनी हे घरी एकदाच सांगितलं, तेही हसत. आई हसली नाही.

आज यातलं कुणी उरलेलं नाही. प्राध्यापकांनी ते एक वर्ष काढलं, निरोपसमारंभ झाला, हार घातलेला त्यांचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. अप्पांनी त्यानंतर आणखी सोळा वर्षं प्रुफं वाचली. मी वर्गात हा धडा शिकवायला घेतला की आधी मुलांना दोन वर्तुळं काढायला लावायची, आणि कुणाची वर्तुळं लांब लांब पडली की वही ओढून घेऊन ती मी स्वतःच जवळ काढून द्यायची. मुलांना वाटायचं बाई रागावल्या.

पण मला सांगायचंय ते त्या शुद्धिपत्राच्या दिवसाबद्दल. माझ्याच वर्गात ते आलं. बाईंनी गठ्ठा सोडला, प्रत्येकीला एकेक चिठ्ठी दिली, डिंकाची बाटली बाकांवरून फिरवली आणि सत्तेचाळिसाव्या पानावर चिकटवायला सांगितलं. वर म्हणाल्या, "छापखान्यात बसलेल्यांना काय, डोळे मिटून छापतात. गणित कळत नाही तर कुणाला तरी विचारायचं."

वर्ग हसला. माझ्या शेजारणीला माहीत होतं. तिनं कुजबुजून विचारलं, तुझे वडील तिथंच ना. मी हो म्हटलं. मी उभी राहून चार वाक्यांत सगळा वर्ग गप्प करू शकले असते. बाईंना सांगू शकले असते की ज्या माणसानं डोळे मिटले असं तुम्ही म्हणता, त्यानं दोनदा प्रश्नचिन्ह केलं होतं, बारीक अक्षरात कारण लिहिलं होतं, आणि तो माझा बाप आहे. मी उभी राहिले नाही. चिठ्ठीला डिंक फासला आणि पानावर थापटून दिली. वाकडी बसली. बसू दे, म्हटलं.

घरी येऊन मी पुस्तक अप्पांच्या पुढे टाकलं आणि बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. सांगता सांगता रडले. म्हटलं, मला नाही हे जमत, उद्या मी सांगणार सगळ्यांना.

अप्पांनी पुस्तक उघडून सत्तेचाळिसावं पान काढलं. थोडा वेळ त्या वाकड्या चिठ्ठीकडे पाहिलं. मग उठून फडकं ओलं करून आणलं आणि चिठ्ठीवर ठेवलं. डिंक सुटायची वाट पाहत बसले. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बाईंनी ते उदाहरण सोडवून घेतलं का?"

मी नाक पुसत म्हटलं, घेतलं.

"सुटलं?"

"सगळ्यांचं सुटलं."

"चित्र काढून?"

"हो. चित्र काढून."

अप्पांनी मान डोलावली. नखानं चिठ्ठीचा एक कोपरा उचलला, मग दुसरा, कुठं न फाडता ती अलगद सोडवली. पान कोरड्या फडक्यानं टिपलं. चिठ्ठीला काठाकाठानं थोडाच डिंक लावला, छापील ओळींशी पट्टी धरली आणि मुद्रणदोष हा शब्द खालच्या ओळीला अगदी समांतर येईल अशी ती पुन्हा चिकटवली. माझा राग तसाच होता, आणि त्याच्याच शेजारी त्या माणसाचा इतका अभिमान दाटून आला होता की मला रडणंही धड जमेना. अप्पांनी चिठ्ठीवर कोरा कागद ठेवला, पुस्तक मिटलं आणि वर आईची थंड इस्त्री ठेवली.

"सकाळपर्यंत काढू नकोस," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.